पाच पावलं आणि एक ठिपक्यांची रेघ

आमच्या लाँड्रीत तीन माणसं काम करायची आणि त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. तिसरा मी. मी दोघींशी बोलायचो, पण माझं कुणी ऐकत नाही, म्हणजे दुकानात एकंदर शांतताच असायची.

दोघींपैकी एक माझी बायको आणि दुसरी माझी थोरली बहीण. दुकान आमच्या वडिलांचं. ताई लग्नानंतरही इथेच कामाला येत राहिली आणि मेव्हणे गेल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायलाच आली. बायको लग्न होऊन आली ती दुसऱ्या आठवड्यात घडीच्या टेबलाशी उभी राहिली. दोघी कामाला वाघ, दोघी स्वच्छतेच्या बाबतीत कडक, आणि दोघीही नाकावर माशी बसू न देणाऱ्या. अशा दोन बायकांच्या मधे ज्याला दिवसाचे दहा तास काढावे लागतात, त्याचा स्वभाव माझ्यासारखा होतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

आमचं मुख्य काम चादरींचं. एका हॉस्पिटलच्या रोज दोनशे चादरी येतात. आतल्या खोलीत मोठं मशीन आहे. तिथून चादर सुकून बाहेर यायची, मी ती गरम रोलरखालून काढायचो, आणि मग ती दोघींच्या ताब्यात जायची. चादरीची घडी एकट्याने घालता येते, पण दोनशे चादरींची घालता येत नाही, हे आमचे वडील सांगायचे. दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, एकेकीने दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, उभी दुमडायची, पुन्हा दुमडायची. मग जवळ यायचं, एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारा भाग वाकून उचलायचा, मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं. घडी टेबलावर, पुढची चादर हातात. वीस सेकंदांत एक. डोळ्याला डोळा न भिडवता, तोंडातून शब्द न काढता दोघी हे अकरा वर्षं करत होत्या. बोटाला बोट लागायचं, तेवढाच काय तो संबंध.

अकरा वर्षांपूर्वी एका हॉटेलचे चाळीस पांढरे टेबलक्लॉथ गुलाबी झाले, तिथून हे सुरू झालं. ढीग ताईने निवडला होता आणि मशीनमध्ये बायकोने टाकला होता. कपडे बाहेर आले तेव्हा ताई छताकडे बघून म्हणाली की, काही लोकांना मशीनमध्ये काय टाकतोय ते दिसत नाही. बायको भिंतीकडे बघून म्हणाली की, काही लोकांना निवडणं म्हणजे काय तेच माहीत नाही. तेव्हापासून दोघी छताशी आणि भिंतीशीच बोलायच्या. ब्लीच संपलं की बायको रोलरकडे बघून म्हणायची, "कुणाला सांगायचं असेल तर सांगा, ब्लीच संपलंय." मग ताई पंख्याकडे बघून विचारायची की, कालच कसं सांगितलं नाही. मी मधे उभा असायचो आणि माझ्यावरून हे सगळं जात असायचं.

आता खरं काय ते सांगतो, कारण तुमच्यापासून लपवून मला काही मिळायचं नाही. मोजा माझा होता. लाल लोकरी मोजा. त्या सकाळी दुकानात येताना माझा पाय डबक्यात गेला. मी मोजे काढून आतल्या खोलीत भिरकावले, एक बादलीत पडला आणि दुसरा टेबलक्लॉथच्या ढिगात. मशीन थांबल्यावर दार मीच उघडलं. गुलाबी ढिगाच्या पोटात तो मला सापडला आणि मी तो खिशात घातला. दुपारी हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला गेलो तेव्हा तिथल्या कचऱ्याच्या डब्यात त्याची विल्हेवाट लावली. त्याच दिवशी बोललो असतो तर तासभर शिव्या खाऊन सुटलो असतो. दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर 'काल का नाही बोललास' याच्याही खाव्या लागल्या असत्या. अशा रीतीने मूग गिळत गिळत अकरा वर्षं झाली. एवढं मात्र केलं की, पांढरा ढीग आत जायच्या आधी मशीनमध्ये डोकं घालून, हात फिरवून, मी एकदा बघून घ्यायचो. आतल्या खोलीत मी काय करतो हे घडीच्या टेबलावरून दिसत नाही.

हे असंच चाललं असतं, पण ताईने गावी लेकीकडे जायचं ठरवलं. कायमचं. गुडघे साथ देत नाहीत, पुरे झालं, असं ती मला म्हणाली. पहिल्या तारखेच्या बसचं तिकीटही काढून झालं. मी बायकोला सांगितलं. त्या दिवशी दुपारी दुकानात जेवताना तिने दोनदा ताईच्या खोलीकडे पाहिलं. ताई अशीच, तोंड मिटून गेली, तर हे भांडण कायमचं तसंच राहणार आणि त्याच्या तळाशी माझा मोजा राहणार, हे मला कळत होतं. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगतो, आणि रोज संध्याकाळी शटर ओढायचो. भित्रा माणूस होतो मी, दुसरं काय.

तेवढ्यात नाचाच्या बाई आल्या.

आमच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. तिथे आधी कराटेचा वर्ग होता, मग टायपिंगचा, आणि आता या बाई. कापलेले केस, अनवाणी पाय, कानावर पेन्सिल. पोरापोरींच्या नाचाचे कपडे घेऊन त्या खाली आल्या आणि सुकेपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. आमचं गिऱ्हाईक बसलं की मोबाइल काढतं. या बाईंनी वही काढली. कपडे सुकले तरी त्या उठेनात. मी विचारलं, अजून काही आहे का, तर म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे इतकी सुंदर कोरिओग्राफी चाललीय आणि मी वर नव्या कल्पना शोधत बसलेय."

मी म्हणालो, इथे कुणी नाचत नाही, इथे लोक राबतात. तर त्या हसल्या. त्यांचं म्हणणं असं की, कोरिओग्राफी म्हणजे नुसता नाच बसवणं नाही. कुणी कुठे उभं राहायचं, कधी निघायचं, किती पावलं टाकायची, कुणी कुणाला वाट द्यायची, हे ठरलेलं असलं की झाली कोरिओग्राफी. ते कुणी ठरवलेलं असो की सवयीने ठरलेलं असो. आणि म्हणाल्या, गंमत म्हणजे हा शब्द मुळात नाच बसवण्यासाठी नव्हताच. तो दोन जुन्या ग्रीक शब्दांचा आहे, एकाचा अर्थ नाच आणि दुसऱ्याचा लिहिणं. कोण कसं हललं ते कागदावर लिहून ठेवायचं, ती कोरिओग्राफी. त्यांना चादरीच्या घडीवर एक नाच बसवायचा होता, म्हणून त्यांनी आणखी दोन दिवस बसायची परवानगी मागितली. मी नाही म्हणणार होतो, पण तेवढ्यात ताई छताला म्हणाली की बसू द्या, आणि बायको भिंतीला म्हणाली की बसू देत. अकरा वर्षांत दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून गप्प राहिलो.

शब्द मात्र माझ्या डोक्यात बसला. हॉस्पिटलात गेलो तर नर्स आणि वॉर्डबॉय पलंगाभोवती फिरत होते, मला वाटलं, कोरिओग्राफी. सिग्नलला दोन गाड्यांचे ड्रायव्हर 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडकले होते, ती बिघडलेली कोरिओग्राफी. घरी मी आंघोळीला निघालो की नेमकी बायको बाथरूममध्ये शिरते, ती तर तीस वर्षांची जुनी.

दुसऱ्या दिवशी दुकानात नुसता गोंधळ झाला. ताई ठेवणीतले कपडे घालून आली. बायकोने केस विंचरून वर क्लिपा लावल्या आणि पोट आत घेऊन उभी राहिली. पहिली चादर घेतली. झटका दिला, तो कमी पडला. उभी दुमडली, ती एकीने डावीकडे आणि दुसरीने उजवीकडे. मग जवळ यायची वेळ आली. कधी नव्हे ती बायको अर्ध्या वाटेत थांबली, ताई घाईघाईने पुढे निघाली, तिचा गुडघा लचकला आणि दोघींची डोकी ठाणकन आपटली. चादर जमिनीवर. दुसरी चादर तशीच. तिसऱ्या चादरीला बायको वाकली आणि ताईही वाकली. अकरा वर्षं ज्या कामाला एक शब्द लागला नव्हता त्या कामात दोघींना पाय कुठे टाकावा ते कळेना. दुपारपर्यंत सत्तर चादरींचा ढीग साचला आणि हॉस्पिटलातून फोन आला.

तिसऱ्या दिवशी आणखी वाईट. बायको मनातल्या मनात आकडे मोजत होती, ओठ हलताना दिसत होते. ताई पायांकडे बघत चालत होती. छताला आणि भिंतीला जे काही ऐकावं लागलं ते मी इथे लिहीत नाही. मी बाईंना सांगितलं की तुमचा ग्रीक शब्द तुमच्याकडे ठेवा आणि माझी दोन माणसं मला परत करा. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, असं होतं, कसं चालतोय ते दाखवलं की चालणारा अडखळतो. माझं काम झालंच आहे, संध्याकाळी कागद घेऊन येते, काही चुकलं असेल तर तुम्ही सांगा आणि मी जाते.

संध्याकाळी त्यांनी घडीच्या टेबलावर भला मोठा कागद पसरला. आम्ही तिघं भोवती उभे राहिलो. कागदावर टेबल होतं, रोलर होता, आतल्या खोलीचं दारही होतं. निळ्या गोलात एक बाई, हिरव्या गोलात दुसरी. हिरव्या गोलातून पाच पावलं काढलेली होती, निळ्या गोलापर्यंत जाणारी आणि परत येणारी. निळ्या गोलातून एकही पाऊल निघत नव्हतं.

ताईने चष्मा लावला. निळी कोण, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही. ताई म्हणाली की मग हे चुकलंय. दोघींनी निम्मं निम्मं चालायचं असतं, आमच्या वडिलांनी तसंच शिकवलंय, आणि आपण कधी कामचुकारपणा करत नाही. बाईंनी वही उघडून दाखवली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं त्यांनी धरलंच नव्हतं. पहिल्या दिवशी, दोघींना काही माहीत नसताना, त्यांनी साठ चादरी मोजल्या होत्या. साठच्या साठ वेळा हिरवी पाच पावलं गेली होती. वाकलीही हिरवीच होती.

ताई कागदाकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. मी रोलरवर समोरच उभा असायचो, माझ्या डोळ्यांसमोर दिवसाला दोनशे वेळा हे घडत होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मग ताईने मान वर केली, आणि छताकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ बायकोकडे बघून विचारलं, "कधीपासून?"

बायकोने टेबलावरचा नसलेला धागा उचलला. "तुमचा गुडघा गेला तेव्हापासून, वन्सं."

"त्याला सहा वर्षं झाली."

"झाली असतील."

"मला वाटायचं हॉस्पिटलने चादरी लहान केल्या," ताई म्हणाली.

यावर हसावं की रडावं ते मला कळेना. ताई तर अगदी मनापासून बोलत होती. सहा वर्षं ती समजत होती की नव्या चादरी आखूड आहेत, म्हणून हल्ली चालावं लागत नाही. बायको आधी गालात हसली, मग पदार्थ करपल्यावर धुराने यावं तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काल अर्ध्यात का थांबलीस, असं ताईने विचारलं. बायको म्हणाली, परक्या बाईसमोर तुमचा गुडघा कशाला दाखवायचा.

मी हळूच रोलरकडे सरकलो. वातावरण छान झालं होतं, ताई बोलत होती, बायको बोलत होती, माझं नावही निघालं नव्हतं. आता मोजा कशाला उकरायचा, असा सुज्ञ विचार माझ्या मनात आला. आणि तेवढ्यात त्या बाईंनी, देव त्यांचं भलं करो, कागदाच्या कडेला बोट ठेवलं.

"एवढं एक मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "ही ठिपक्यांची रेघ काकांची आहे. मी स्टुलावर बसायचे तिथून आतली खोली दिसते. पांढरे कपडे आत जायच्या आधी काका प्रत्येक वेळी जातात, मशीनमध्ये डोकं घालतात, आत हात फिरवतात आणि मागे बघत बघत परत येतात. तीन दिवसांत अकरा वेळा. रंगीत कपड्यांना एकदाही नाही. हे का करतात?"

ताईने ठिपक्यांच्या रेघेवरून बोट फिरवलं, रोलरपासून दारापर्यंत, दारापासून मशीनपर्यंत. बायकोचं बोट दुसऱ्या बाजूने निघालं. दोन्ही बोटं मशीनपाशी भेटली आणि दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, मशीनमध्ये शिरून दार लावून घ्यावं.

"काय रंगाचं होतं?" ताईने विचारलं.

"लाल," मी म्हणालो. "मोजा होता."

त्यापुढचं सविस्तर सांगत नाही. नाचाच्या बाई कागद तिथेच टाकून वर पळाल्या. दोघींनी मिळून माझी अशी बिनपाण्याने केली की आयुष्यात इतका स्वच्छ मी कधी झालो नव्हतो. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. एक दम घ्यायला थांबली की दुसरी सुरू. मधेच माझं विसरून जाऊन दोघी एकमेकींना सांगू लागल्या की, मला तेव्हाच वाटलं होतं तू तसं करणारी नाहीस, आणि मग पुन्हा माझी आठवण यायची. हे सगळं चालू असताना दोघींच्या हातात चादर होती. ती कधी उचलली ते त्यांनाही माहीत नसावं. झटका, उभी घडी, पुन्हा घडी, बायको पाच पावलं पुढे. साचलेला ढीग माझ्या शिव्या संपायच्या आधी संपला.

मला वाटलं, आता ताई राहील. तसं झालं नाही. गुडघे खरंच गेले होते आणि लेक वाट बघत होती. पहिल्या तारखेला आम्ही तिला स्टँडवर सोडायला गेलो. दोघी बाकावर बसून बोलत होत्या आणि समोरून बस गेली. मी दोनदा सांगितलं, पण माझं कुणी ऐकत नाही हे मी वर सांगितलंच आहे. दुसरं तिकीट तीन दिवसांनंतरचं मिळालं. ते तीन दिवस मी दुकानात एकटा होतो, त्या दोघी मागच्या खोलीत अकरा वर्षांचं बोलत होत्या. तीन दिवसांनी ताई गेली. बसच्या खिडकीतून तिने हात हलवला तो बायकोला, माझ्याकडे नुसतं बोट रोखून गेली.

आता घडीला मी उभा राहतो. रोलरवर एक बाई ठेवली आहे. कागद भिंतीवर लावला आहे, मी त्यात बघून शिकलो. पहिल्या दिवशी मी निळ्या गोलाच्या जागी उभा राहिलो, चादर धरली, झटका दिला, दोनदा दुमडली. मग बायको निघाली. एक, दोन, तीन, चार, पाच. तिने कोपरे माझ्या हातात दिले, वाकली, खालचा भाग उचलला. मी म्हणालो, माझे गुडघे ठणठणीत आहेत, मी येतो की अर्ध्यात. ती म्हणाली, "राहू द्या. पायांना तशीच सवय आहे."

रोज चार वाजता ताईचा फोन येतो. मोबाइल टेबलावर उभा करून दोघी बोलत असतात, बायकोचे हात चालू असतात. परवा ताईने विचारलं, "तो चालतोय का, की उभाच?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "उभाच आहे, वन्सं. तुमच्या जागेवर."

पलीकडून ताई म्हणाली, "चालव त्याला. माझी जागा कुठे पळून जात नाही."

मी चादर घेतली आणि पाचही पावलं चालत बायकोपर्यंत गेलो.